आतून लागणारी कडी

एप्रिलमधल्या एका रविवारी तालीम चालू असताना ती चक्कर येऊन पडली. पांढुर्ण्याच्या एका सभागृहात मी शनिवार-रविवार कथकचा वर्ग घ्यायची, तिथली ही गोष्ट. तोडा चालू होता. शेवटच्या समेवर यायच्या आधीच ती गुडघ्यांवर बसली आणि मग एका अंगावर कलंडली. मुली घाबरून भिंतीला लागल्या. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं आणि डोळे उघडल्यावर रिक्षात घालून ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि सकाळपासून पाणी किती प्यायलात, असं विचारलं.

त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "क्लासच्या दिवशी मी पाणी पेत नाही जी."

डॉक्टरांना वाटलं, उपास असेल. मलाही तसंच वाटलं. सलाइन लावून ते दुसऱ्या पेशंटकडे गेले, तेव्हा तिने हळू आवाजात सांगितलं. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. सभागृहात स्टेजच्या बाजूला दोन खोल्या आहेत, एक बायांची, एक माणसांची, आणि प्रत्येक खोलीच्या आत तिची बाथरूम. बायांच्या खोलीत ती गेली की आतल्या बायांचं बोलणं बंद होतं आणि ती बाहेर निघेपर्यंत बंदच राहतं. माणसांच्या खोलीत गेली होती तेव्हा कोणीतरी बाहेरून कडी लावून हसत निघून गेलं होतं. म्हणून शनिवार-रविवारी सौंसरहून बस पकडायच्या आधी चहासुद्धा नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर जे काय प्यायचं ते.

हे कधीपासून, असं मी विचारलं.

"पहिल्यापासूनच," ती म्हणाली.

मी वर्षभर तिला शिकवत होते. ती घामाने निथळायची आणि बाटली तिच्या पिशवीत भरलेलीच राहायची, हे मी दर वर्गाला पाहत होते आणि माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

ती सौंसरजवळच्या एका खेड्यातली. आई शेतात मजुरीला जाणारी, वडील लवकर गेलेले. मामाची खडी गंमतची पार्टी होती. आमच्या भागातला हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांना एवढंच सांगते की त्यात डफ आणि ढोलकीवर गाणी-सवाल चालतात आणि बाईचं काम पुरुषच लुगडं नेसून करतात. तिला जन्मल्यावर सगळ्यांनी मुलगा म्हटलं होतं, आणि अंगात नाच होता, म्हणून मामाने लहानपणीच तिला लुगडं नेसवून उभं केलं. गावोगाव तिचं कौतुक झालं. जत्रेत तिच्या नावाने पार्टी बोलावली जायची. खेळ संपला की लुगडं सोडून पॅन्ट-शर्ट घालायचा, एवढाच नियम होता. एका खेळानंतर तिने तो पाळला नाही. तशीच, लुगड्यावर, केस सोडून घरी आली आणि आईला म्हणाली की आता मी अशीच राहणार. मामाने पार्टीतून काढून टाकलं. स्टेजवर होती तोवर सगळ्यांना चालत होतं, खाली उतरल्यावर चाललं नाही, हे तिने मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. राग मला आला.

आईने मात्र घराबाहेर काढलं नाही. काही दिवस बोलली नाही, मग एके दिवशी तिच्या पिशवीत आपल्या पेटीतली एक चांगली साडी ठेवून दिली.

माझी तिची ओळख झाली ती सौंसरच्या शाळेत. मी तिथे मराठी शिकवते, राहते पांढुर्ण्याला. वडील रेल्वेत होते, त्यामुळे लहानपणी गाडीने नागपूरला जाऊन कथक शिकायला मिळालं आणि ते पुढे सुटलं नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी बसवलेला मुलींचा नाच तिने कुंपणाबाहेरून पाहिला होता. ती तेव्हा सौंसरात संत्र्याच्या ग्रेडिंगला जायची, लहान-मोठं फळ वेगळं करायचं काम. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर फाटकाशी उभी होती. अंगावर फिकट निळी सलवार-कमीज, केसांची घट्ट वेणी.

"मॅडम, मी शिकायले आली," ती म्हणाली.

आमच्याकडे बायासुद्धा 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. पुण्याकडची माणसं त्यावर हसतात. त्यामुळे आमच्या बोलीत कोण बाई, कोण माणूस हे चालू काळात कळतच नाही. झालेल्या गोष्टीचं बोलताना मात्र 'आलो' की 'आली' हे निवडावंच लागतं. ती 'आली' म्हणाली तेव्हा फाटकातला चपराशी मान वळवून बघायला लागला. मी तिला शनिवारी पांढुर्ण्याला यायला सांगितलं.

वर्गातल्या मुलींनी तिला लगेच ताई म्हणायला सुरुवात केली. तिच्या पायात ताल मुरलेला होता, माझं काम फक्त अंगाची ठेवण आणि हात यांचं उरलं. लहान मुली चुकल्या की मी ओरडायची. ती त्यांच्यापुढे बसून पायाचा अंगठा धरून दाखवायची. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी तर तिच्या सावलीसारखी असायची. पुढे त्याच मुलीची आई एकदा माझ्या घरी आली. घरच्या बगीच्यातली संत्री घेऊन आली, चहा घेतला, मुलीच्या अभ्यासाचं, नवऱ्याच्या बदलीचं, सगळं बोलून झालं. चपला घालताना म्हणाली, "तसं काहीच नाही हो मॅडम. ताई चांगल्याच आहेत. पण कपडे बदलायची खोली एकच आहे ना, आणि पोरी लहान आहेत." मी काही म्हणायच्या आत ती फाटकापर्यंत पोचली होती. त्यानंतर ती ताई सौंसरहूनच नाचाचे कपडे घालून, वरून जुना गाऊन चढवून यायला लागली. मला वाटलं, वेळ वाचवायला.

डॉक्टरांकडून परतल्यावर मी दुसऱ्याच दिवशी सभागृहाच्या सचिवांना भेटले. ते कापसाचे व्यापारी, सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं, मीही म्हणते. माणूस वाईट नाही. कोणाच्या घरी मयत झाली तर आधी हजर, कोणाच्या मुलीचं लग्न असलं तर सभागृह मोकळं करून देणार. मी त्यांच्या गोदामात कापसाच्या गाठींमध्ये खुर्ची टाकून बसले आणि सरळ सांगितलं. स्टेजच्या मागे तिसरी एक खोली आहे, तिच्यात सामान भरलंय. ती रिकामी करून द्या. आत नळ आहेच, मोरी आहे. दाराला आतून कडी लावा. ज्याला कोणाला एकट्याने कपडे बदलायचे असतील, बाथरूमला जायचं असेल, तो जाईल. बस.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही टोकलं नाही. ताई पडल्याचं ऐकून त्यांना खरोखर वाईट वाटलं.

"होऊन जाईल मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही टेन्शनच नका घेऊ."

या 'होऊन जाईल'ने पुढचे सहा-सात महिने माझी झोप उडवली. आधी लग्नसराई होती, सामान काढून ठेवायचं कुठे. मग पावसाळा, बाहेर काढलेलं भिजणार. मग गणपती, मग दुर्गा, मग दिवाळी. मी जाऊन त्या खोलीत डोकावले तेव्हा सतरंज्यांच्या गुंडाळ्या, पाय मोडलेल्या खुर्च्या आणि कोणाच्या तरी लग्नाच्या गेटचे थर्माकोलचे दोन हत्ती होते. ते हत्ती भिजायला नकोत म्हणून एका माणसाने दिवसभर तहानलेलं राहायचं, असा सगळा हिशेब होता. किल्ली मागितली तर ती चौकीदाराकडे, चौकीदार गावी. चौकीदार आला तर किल्ली भाऊंच्या घरी. भाऊंच्या घरी गेलं तर ते नागपूरला. आणि प्रत्येक जण इतकं गोड बोलायचा की माझा आवाज चढला तर चूक माझीच दिसायची. कोणी एकदा तोंडावर नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते. नाही कोणीच म्हणत नव्हतं.

मधल्या काळात मी माझ्या परीने उपाय केले. बायांच्या खोलीच्या दाराशी स्वतः उभी राहायला लागले, ती आत असेपर्यंत कोणाला जाऊ द्यायचं नाही. दोन रविवार तिने ते सहन केलं. तिसऱ्या रविवारी मला बाजूला घेऊन म्हणाली की तुम्ही पहाऱ्यावर उभ्या राहता, तर आधी जे बघत नव्हते तेही बघायला लागले. मग ठरलं की मधल्या सुटीत तिने रिक्षाने माझ्या घरी जाऊन यायचं. माझे यजमान दार उघडायचे आणि लगेच बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे. ते सरकारी नोकरीतले, कमी बोलणारे. मी भाऊंवर चिडून घरी यायची तेव्हा ते म्हणायचे की तू उगाच समजावत बसतेस, त्या लोकांना सगळं समजलेलंच आहे. यावर मी त्यांच्यावरही चिडायची. पण तिच्यासाठी म्हणून त्यांनी बाथरूमच्या खुंटीवर एक वेगळा, नवा टॉवेल आणून ठेवला होता, न सांगता.

हिवाळ्यात वर्गाचा वार्षिक कार्यक्रम ठरला, त्याच सभागृहात, दुपारी. ती एकटीने पूर्ण बैठक सादर करणार होती, मधे पोशाख बदलायचा होता. आता मी भाऊंच्या मागेच लागले. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला की खोली रिकामी केली, झाडून घेतली, आता तर खूश ना. मी खूश झाले. तिला फोन करून सांगितलं. ती 'बरं' म्हणाली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी खोली उघडली तर सतरंज्या आणि हत्ती खरंच गेले होते. त्यांच्या जागी पाहुण्यांच्या नाश्त्याची खोकी, पाण्याचे कॅन, हार-गुच्छ आणि केटरिंगची दोन माणसं होती. मी त्यांना बाहेर व्हा म्हटलं, तर त्यांनी भाऊंकडे बोट दाखवलं. भाऊ पाहुण्यांना आणायला गेले होते. बायांच्या खोलीत आया आपापल्या मुलींच्या वेण्या घालत होत्या, पाय ठेवायला जागा नव्हती. मी तरी आत जाऊन म्हटलं की ताईंना कपडे बदलायचे आहेत, थोडी जागा करा. दोघी-तिघी उठल्या आणि आपल्या मुलींना हात धरून बाहेर घेऊन गेल्या. त्यातली एक ती, संत्री घेऊन आलेली. तिची मुलगी मागे वळून वळून बघत होती.

ताई दारातच उभी होती. तिने ते सगळं पाहिलं आणि पाऊल मागे घेतलं.

तेवढ्यात मागच्या बाजूने तिची आई आली. कापूस वेचायचं काम सोडून, सौंसरहून बसने, पहिल्यांदाच लेकीचा नाच पाहायला आली होती. पांढरी स्वच्छ साडी, हातात कापडी पिशवी. "जयभीम मॅडम," ती म्हणाली. "माही पोरगी कुठं हाये?"

तिने 'पोरगी' म्हटलं ते माझ्या कानांत राहून गेलं. मी तिला काय झालं ते सांगायला लागले, पण तिला सांगावं लागलं नाही. लेकीचा चेहरा बघूनच तिला कळलं असावं. तिने पिशवीतून एक साडी काढली, सभागृहाच्या मागे जिथे जनरेटर ठेवलेला असतो तिथे गेली, साडीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं टोक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभी राहिली. त्या आडोशाला ताईने कपडे घातले. जनरेटर चालू होता, धूर येत होता, आणि आई हात वर ताणून, तोंड रस्त्याकडे करून उभी होती. पलीकडून चहाचे पेले घेऊन कोणी जात असलं की ती त्याच्याकडे अशी बघायची की तो मान खाली घालून निघून जायचा. कार्यक्रमात मधे बदल करायचा होता तेव्हा पुन्हा तसंच.

ती नाचली. मी आजवर शिकवलेल्यांत तसं कोणी नाचलेलं नाही, आणि हे मी शिकवलं म्हणून नव्हे. तिने शेवटी नुसत्या पायांचा तत्कार सुरू केला तेव्हा मागच्या रांगेतले लोकही उठून उभे राहिले. ज्या आयांनी मुलींना खोलीबाहेर नेलं होतं त्यासुद्धा उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि मनापासून वाजवत होत्या. मी स्टेजच्या बाजूला तबल्याच्या मागे बसले होते. माझे हात मांडीवरच राहिले. या लोकांना तिचं नाचणं हवं आहे आणि ती नको आहे, एवढंच डोक्यात फिरत होतं.

कार्यक्रमानंतर भाऊ माइकवर आले. आपल्या या नव्या पांढुर्णा जिल्ह्याचं नाव असे कलावंत मोठं करतील, म्हणाले, आणि यापुढे ताईंसारख्यांसाठी या सभागृहात खास व्यवस्था राहील, हा माझा शब्द. पुन्हा टाळ्या. मी कितीही चिडलेली असले तरी तेव्हा वाटलं की आता सुटलो. सगळ्या गावासमोर दिलेला शब्द आहे.

शब्द त्यांनी पाळला, हे मान्यच करायला हवं. महिन्याभराने मला बोलावणं आलं की खोली तयार आहे, आमदारांच्या हस्ते उद्घाटन ठेवतोय, ताईंनाही फीत कापायला बोलवा. मी तिला घेऊन आधी बघायला गेले. दुरूनच पाटी दिसली. हिरव्या रंगावर पिवळ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तृतीयपंथी कक्ष'. सभागृहाच्या फाटकातून शिरणाऱ्या कोणालाही पहिल्यांदा तीच दिसावी अशा ठिकाणी लावलेली. भिंतीला गुलाबी रंग दिला होता. आरसा होता, प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी होती. नळाला पाणी नव्हतं, ते जोडणार होते. आणि ताईने दार लावून पाहिलं, तर ते लागेना. तिने दाराच्या मागून हात फिरवला.

"मॅडम, कडी बाहेरून हाये," ती म्हणाली. "आतून लावलीच नाई."

आणि ती हसायला लागली. मला हसू आलं नाही. मला रडू येत होतं, ते मी दाबलं, आणि कडी लावून घेऊ, आजच्या आज लावून घेऊ, असं काहीबाही बोलायला लागले. ती ऐकत होती. मग म्हणाली की कडी लागेल मॅडम, पण ही पाटी असेपर्यंत मी या खोलीत पाय ठेवणार नाही. मी बसमध्ये बसते, बाजारात जाते, बऱ्याच लोकांच्या लक्षातही येत नाही, आणि इथे मी लघवीला जायचं तर आधी हे वाचून जायचं आणि बघणाऱ्यांनी हे वाचून मला बघायचं.

मी लगेच भाऊंकडे निघाले. ती म्हणाली, मीही येते. आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, "या वेळी मी बोलतो. तुमी चिडता अन् मंग बोलणं तुमच्या चिडण्यावरच होते."

गोदामात भाऊंनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. तिने शांतपणे सांगितलं की खोली चांगली झाली, रंग चांगला आहे, आरसा चांगला आहे. फक्त पाटी काढा आणि आतून कडी लावा.

भाऊंना ते लागलं. ते खोटं दुखावलेले नव्हते. "ताई, तुमच्यासाठीच केलं ना हे," ते म्हणाले. "कमिटीत लोकं नाही म्हणून राहिले होते, मी एकटा भांडलो. पाटीच काढली तर लोकायले समजन कसं, खोली कोणासाठी आहे?"

"काहून समजाले पाह्यजे?" ती म्हणाली.

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी ठरवल्याप्रमाणे गप्प राहिले. ती पुढे म्हणाली की खोली कोणासाठीच नाही, असं करा. ज्याला जायचं तो जाईल. दमलेली म्हातारी जाईल, लहान पोरीला घेऊन आलेला बाप जाईल, इतर पोरांसमोर शर्ट काढायला लाजणारा पोरगा जाईल, मीही जाईन. भाऊ म्हणाले की मग ती सगळ्यांचीच होऊन जाईल, मग तुमच्यासाठी काय केलं म्हणून दाखवायचं. हे बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच थोडं ऐकू आलं असावं, कारण ते चहा का आला नाही ते बघायला उठले. आल्यावर म्हणाले, आमदारांची तारीख घेतली आहे, एवढं उद्घाटन होऊ द्या, मग पाटीचं बघू. होऊन जाईल.

ती उद्घाटनाला गेली नाही. मीही गेले नाही. फीत कापली गेली, फोटो काढले गेले. त्यात खोली आहे, आमदार आहेत, भाऊ आहेत आणि जिच्यासाठी म्हणून खोली केली ती कुठेच नाही. गावात बोललं गेलं की एवढं करूनही त्यांना किंमत नाही. मला शाळेच्या बसमध्येसुद्धा दोघांनी ऐकवलं. मी पहिल्याशी भांडले. दुसऱ्याशी भांडायची ताकद उरली नव्हती.

त्यानंतर मी तो वर्ग पांढुर्ण्याहून हलवला. यजमान म्हणाले, सोडून जाऊ नको, तिथेच राहून भांड. त्यांचं बरोबर असेलही. पण मला दर शनिवारी किल्ली मागत फिरायचं नव्हतं. सौंसरात एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली ताईनेच शोधली. लांबट, सिमेंटची जमीन, उन्हाळ्यात भट्टी. मागे एकच बाथरूम आणि त्याला लागून एक छोटी खोली, दोन्हींना दारं, दोन्ही दारांवर काही लिहिलेलं नाही. दुकानदाराने खोली भाड्याने देताना फक्त एकच अट घातली की दुपारी झोपेच्या वेळी घुंगरू नको. आता लहान मुलांचा वर्ग तीच घेते. मी म्हातारीसारखी खुर्चीवर बसून बोल म्हणते. तिने कथकच्या आधी मुलांना खडी गंमतची पावलं शिकवायला सुरुवात केली, मी आधी नाक मुरडलं, पण त्यामुळे मुलांच्या पायांतली भीती जाते, हे खरं आहे. एक शिवणकाम करणारा मुलगा येतो, तो मुलींच्या भूमिका करतो आणि मिशी ठेवतो. एका मुलीला मुलासारखे केस आणि पायजमा हवा असतो. त्यावरून वर्गात चर्चा होत नाही. चर्चा होते ती पंखा कोणाकडे फिरवायचा यावर.

असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, चला, झालं सगळं नीट. नाही झालं. पांढुर्ण्याच्या मुलींपैकी निम्म्याहून जास्त आल्या नाहीत. कोणाला बसचा त्रास, कोणाची परीक्षा, कोणी नुसताच फोन उचलला नाही. वार्षिक कार्यक्रम सौंसरच्या त्या खोलीत मावत नाही, म्हणून दर हिवाळ्यात मला पुन्हा त्याच सभागृहात जावं लागतं, पुन्हा भाऊंच्या गोदामात बसावं लागतं. गेल्या वर्षी नळाला पाणी आलं. या वर्षी दाराला आतून कडी लागली. पाटी आहे तशीच आहे, उलट तिच्यावर आता छोटे दिवे लावले आहेत. आणि कार्यक्रम नसतो तेव्हा त्या खोलीत पुन्हा खुर्च्या ठेवतात. भाऊ म्हणतात की वापरच होत नाही तर काय करायचं. मी पुन्हा समजावते. ते पुन्हा ऐकून घेतात. ताई मला म्हणते की तुम्ही जाणं बंद करा, बीपी वाढतो तुमचा. मी म्हणते, बंद केलं तर हत्तीही परत येतील. कार्यक्रमाला ती आजही घरून कपडे घालूनच येते.

मागच्या महिन्यात जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेले होते. तिथे प्रसादाच्या दुकानापाशी ती संत्री घेऊन आलेली बाई भेटली, सोबत मुलगी. मुलगी आता माझ्या खांद्याला लागते. मला बघून तिने आधी ताई कशा आहेत हेच विचारलं. मग हळूच म्हणाली, ताईंनी शिकवलेला तोडा ती अजून गच्चीवर करते, पण शेवटी तीनदा येणाऱ्या तुकड्यात, तिहाईत, चुकते. मी म्हटलं, ये ना सौंसरला, शनिवारी, मी बसस्टँडवरून घेऊन जाईन. मुलीने आईकडे पाहिलं.

"पाहतो मॅडम," आई म्हणाली. "यांना विचारून सांगतो."

तिने नंबरही घेतला, माझ्यासमोर मोबाइलमध्ये टाकला. त्यानंतर चार शनिवार गेले. मी दर वेळी सौंसरच्या स्टँडवर पांढुर्ण्याची पुढची बस येईपर्यंत थांबते, मग वर्गाला उशीर होतो म्हणून ताई फोन करून बोलावते. मुलगी अजून आलेली नाही.